मंगळाच्या हजेरीपटावर शेवंताबाई

सीना विद्यापीठाच्या संदेशकक्षात सकाळी सव्वादहा वाजता पडद्यावर अक्षरे उमटली: 'वेळ संपली. विद्यार्थी प्रतिसाद देत नाही. प्रवेश नाकारला.' ती वाचायला शेवंताबाई गवारे चष्मा पुसून पुढे सरकल्या. प्रतिसाद न देणारा विद्यार्थी म्हणजे त्याच होत्या, आणि गेला पाऊण तास त्या खुर्चीवरून हलल्याही नव्हत्या.

शेवंताबाई साळगव्हाणच्या जनसेवा वाचनालयात सत्तावीस वर्षे होत्या. पहिली चार वर्षे त्यांनी तिथे झाडू मारला आणि पुस्तकांवरची धूळ पुसली. पुसता पुसता पुस्तकांच्या पाठीवरची अक्षरे त्यांच्या ओळखीची झाली, आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्या वाचायला लागल्या. ज्याला भूक उशिरा लागते तो ताट चाटूनपुसून जेवतो, तसे त्यांचे वाचणे होते. प्रस्तावना, शुद्धिपत्र, छापखान्याचा पत्ता, सगळे वाचल्याशिवाय पुस्तक खाली ठेवायचे नाही. पुढे त्या देवघेव बघू लागल्या, मग ग्रंथपालच झाल्या, आणि चोपन्नाव्या वर्षी सीना विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला बसल्या.

पदवीची हौस त्यांना नव्हती. नवा नियम आला होता. ज्या गावात पदवीधर ग्रंथपाल नसेल तिथले वाचनालय पुढच्या महिनाअखेरीची मुदत संपताच बंद होणार, पुस्तके जिल्ह्याच्या ग्रंथकोठारात जाणार आणि जागेवर एक वाचनयंत्र बसणार. वाचनयंत्र म्हणजे पोस्टाच्या पेटीएवढा लाल डबा. त्यात तोंड घालून पुस्तकाचे नाव बोलले की ते वाचून दाखवी. साळगव्हाणात निम्म्या लोकांना पुस्तकाचे नाव आठवत नसे. 'त्यो बैलगाडीचा फोटू असलेलं' एवढेच ते सांगत, आणि शेवंताबाई उठून बरोबर तेच पुस्तक आणत. डब्याला हे जमणार नव्हते.

शेवंताबाईंचे सगळे विषय सुटले होते. उरला होता एकच अभ्यासक्रम, तोही सहयोगी विद्यापीठातून दूरस्थ पद्धतीने करायचा. सहयोगी विद्यापीठे सात होती. त्यांतली सहा पृथ्वीवर, पण त्यांच्या जागा प्रवेश उघडल्यावर एका सेकंदात भरत, कारण हल्लीच्या विद्यार्थ्यांचे अर्ज त्यांचे प्रवेशदूत भरत. प्रवेशदूत ही विद्यार्थ्याच्या वतीने रांगेत धावणारी संगणकीय आज्ञावली. शेवंताबाई एका बोटाने टंकत. त्यांचे 'शेवं' होईपर्यंत सहाही ठिकाणी पाट्या लागल्या.

सातवे होते मंगळ मुक्त विद्यापीठ, वसाहत क्रमांक दोन. तिथला अभ्यासक्रम 'धूलिप्रदेशातील ग्रंथजतन'. तीन वर्षांत तिथे पृथ्वीवरून दोनशे अकरा जणांनी अर्ज केले होते आणि एकालाही प्रवेश मिळाला नव्हता. आजचा बाईंचा दोनशे बारावा.

"तुमची चूक नाही, शेवंताबाई," डॉ. हेमांगी पळांडे म्हणाल्या. सहयोगी कक्षाच्या त्या समन्वयक. हे वाक्य त्यांनी दोनशे अकरा वेळा म्हटलेले असल्यामुळे ते आता आपोआप बाहेर पडत होते. "तिथून जागेचा देकार आला की साठ सेकंदांत 'मान्य' दाबायचं, असा त्यांचा नियम आहे. तुम्ही दाबलंत. पण ते पोचायला वेळ लागतो."

"किती लागतो?"

याचे उत्तर फिरोज तांबोळींनी दिले. ते दूरसंवाद अभियंता, विद्यापीठाच्या गच्चीवरची मोठी तबकडी सांभाळत. "मावशी, प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, आणि संदेश त्याच वेगाने जातो. याहून जोरात जगात काहीच जात नाही. आज मंगळ इतका लांब आहे की एका बाजूला चौदा मिनिटं लागतात. देकार तिथून निघाला, चौदा मिनिटांनी तुम्हाला दिसला. तुम्ही डोळ्याची पापणी लवायच्या आत दाबलंत तरी परत जायला चौदा. झाली अठ्ठावीस मिनिटं. आणि त्यांनी ठेवलंय एक मिनिट."

"मग असला नियम केला कशाला?"

"मुद्दाम केलाय," हेमांगी म्हणाल्या. "त्यांच्या वसाहतीत त्र्याऐंशी माणसं आहेत. तिथे कोण खरोखर हजर आहे आणि कोण दुसऱ्याच्या नावाने बोलतंय, हे ओळखायला त्यांनी सान्निध्य-कसोटी बसवली. कागदपत्रं नाहीत, ठसे नाहीत. फक्त उत्तर किती वेळात आलं ते मोजायचं."

"तीस सेकंदांत उत्तर आलं, तर जायला पंधरा आणि यायला पंधरा," फिरोज म्हणाले. "म्हणजे उत्तर देणारा पंचेचाळीस लाख किलोमीटरच्या आतच असणार. त्याहून लांबचा माणूस कितीही हुशार असला तरी प्रकाशाला मागे टाकू शकत नाही. पृथ्वी आज त्याच्या छप्पन पट लांब आहे. कसोटी अगदी बिनतोड आहे, मॅडम."

"बिनतोड आहे म्हणूनच माझ्याकडे कुणाला प्रवेश मिळत नाही. करार करताना तीच कसोटी आपल्याही विद्यार्थ्यांना लागू झाली. मी एकोणीस पत्रं पाठवली. उत्तर येतं की नियमात बदल हवा असेल तर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याने तक्रार करावी."

 शेवंताबाईंनी विचारले की तो देकार कधी निघतो. फिरोज म्हणाले, अर्ज पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, वसाहतीच्या घड्याळाने सकाळी दहाच्या ठोक्याला, एक सेकंद इकडेतिकडे नाही. आणि त्यावर काही नंबर असतो का? असतो, प्रत्येक देकाराचा क्रमांक टंकल्याशिवाय 'मान्य' लागत नाही.

"आज किती होता?"

"दोनशे बारा."

"मग मी आजच पुन्हा अर्ज केला की उद्याचा दोनशे तेरा," शेवंताबाई म्हणाल्या. पुस्तकांचे दाखल क्रमांक असेच ओळीने चालतात, त्यात त्यांना विशेष काही वाटले नाही. "फिरोजभाऊ, आमच्याकडं जाधव गुरुजी दर मंगळवारी चारला येत्यात. आल्या आल्या पुस्तक पायजे, उभं राहवत नाही त्यांना. ते आल्यावर मी शोधायला लागले तर कसं व्हायचं? मी पावणेचारलाच काढून टेबलावर ठेवते. तसं आपण 'मान्य' आधीच धाडून दिलं तर?"

फिरोजनी कागद ओढून गणित मांडायला घेतले. हेमांगींनी विचारले की हे नियमात बसते का. शेवंताबाईंच्या पिशवीत सहयोग कराराची चौऱ्याऐंशी पाने होती. प्रवेशाची वाट बघताना त्यांनी ती परिशिष्टांसकट दोनदा वाचली होती. हेमांगी स्वतः बाराव्या पानापुढे कधी गेल्या नव्हत्या.

"पान एकेचाळीस," शेवंताबाई म्हणाल्या. "उत्तर साठ सेकंदांच्या आत 'पोचावे' असं लिवलंय. प्रश्न निघाल्यावर 'निघावे' असं कुठं लिवलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी देकार निघायच्या साडेतेरा मिनिटे आधी त्यांनी एका बोटाने २१३ आणि मग 'मान्य' असे टंकले. संदेश मंगळावर पोचला तेव्हा देकार निघून तीस सेकंद झाले होते. चौदा मिनिटांनी इकडे उलट टपाल आले. 'प्रवेश निश्चित. तत्पर प्रतिसादाबद्दल अभिनंदन.' हेमांगींनी तो संदेश छापून घेतला आणि भिंतीवर लावला.

अभ्यासक्रम पाच आठवड्यांचा, व्याख्याने अठरा. शिकवायला प्रा. अच्युत लोणकर. ते मूळचे इकडचेच, पण अकरा वर्षे मंगळावर होते. प्रत्येक व्याख्यानाच्या सुरुवातीला हजेरी. शेवंताबाई व्याख्यान सुरू होण्याच्या कितीतरी मिनिटे आधी मोकळ्या कक्षात गंभीरपणे 'हजर' म्हणत आणि मग डबा उघडत. वर्गात आठ विद्यार्थी वसाहतीतले, नववे नाव त्यांचे. आठ जणांना हजेरी द्यायला किती वेळ लागतो हे दोन व्याख्यानांत फिरोजनी मोजून काढले. एकदा एका मुलाला शिंक आल्यामुळे शेवंताबाईंचा 'हजर' त्याच्या नावावर पडता पडता राहिला. बाकी सगळे सुरळीत चालले.

खरी अडचण होती तोंडी परीक्षेची. दहा प्रश्न, प्रत्येकाचे उत्तर तीस सेकंदांच्या आत. आता मंगळ थोडा जवळ आला होता, पण तरीही बारा मिनिटांवर होता.

"देकाराचा क्रमांक ओळीने येतो, हजेरीही ओळीने येते," फिरोज म्हणाले. "पण माणूस काय विचारेल ते मी कुठून मोजू? इथे आपला खेळ संपला, मावशी."

हेमांगींनी मान डोलावली. नियम तिथे शहाणा होता. प्रश्न आधी कळत नसेल तर कसोटीला फसवता येत नाही. आणि प्रश्न माणसाच्या डोक्यात असतो.

"डोक्यात असतो, पण ते काय कुलूप लावलेलं असतंय?" शेवंताबाई म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं माणसं माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहत्यात. काय पायजे ते त्यांना सांगता येत नाही. मीच बोलत बोलत त्यांना त्याच्यावर आणून सोडते. मी एक गोष्ट अर्धी सोडली की समोरचा उरलेली अर्धी मागतो. न मागून जातो कुठं?"

त्यांनी अठराही व्याख्याने पुन्हा ऐकली आणि लोणकर सरांविषयी जे जे कळले ते वाचनालयाच्या ग्रंथसूचीच्या जुन्या कार्डांवर उतरवले. सर पाणी पिऊन प्रश्न विचारतात. प्रश्न सरासरी अकरा सेकंदांचा असतो. सरांच्या वडिलांचे कपाट वाळवीने खाल्ले होते, ते त्यांनी तीन व्याख्यानांत सांगितले. मंगळावर वाळवी नाही, कसलाच किडा नाही, याचे सरांना फार वाईट वाटते. कार्डांचा गठ्ठा तयार झाला. त्यातली दहा कार्डे त्यांनी निवडली. पहिला प्रश्न नियमाने ठरलेला होता: नाव आणि विषय घेण्याचे कारण. शेवटचा सरांनी शेवटच्या व्याख्यानात स्वतःच जाहीर केला होता. मधल्या आठ प्रश्नांसाठी शेवंताबाईंनी प्रत्येक उत्तराच्या टोकाला पुढचा प्रश्न ओढणारा एक गळ लावून ठेवला.

परीक्षेच्या दिवशी अकराला पावणेबारा मिनिटे कमी असताना फिरोजनी हात खाली केला आणि शेवंताबाई पहिले उत्तर बोलल्या.

"शेवंता रामभाऊ गवारे. सत्तावीस वर्षं पुस्तकांवरची धूळ पुसते, म्हणून हा विषय घेतला. धूळ तशी गरीब. तिच्यापरीस वाळवी वाईट."

मग फिरोजनी वर केलेल्या बोटांकडे बघत त्या गप्प राहिल्या, मंगळावर अजून न विचारलेल्या प्रश्नाला जागा देत. मग वाळवीवर बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "कडुलिंबाचा पाला ठेवतो आम्ही, पण एका वर्षी त्याचं उलटंच झालं." पुन्हा गप्प. मग काय उलटे झाले ते. असे करत करत दहाही उत्तरे झाली. अकराला एक मिनिट कमी होते. तिकडे प्रा. लोणकर तेव्हा कुठे खुर्चीत बसत असतील. परीक्षा देऊन झाली होती आणि अजून सुरू व्हायची होती.

शेवंताबाईंनी भाकरीचे फडके सोडले. 

बारा मिनिटांनी तिकडचे चित्र येऊ लागले. सर पाणी प्यायले. त्यांनी नाव विचारले. तीन सेकंदांनी शेवंताबाईंचे उत्तर आले. सर पुढे वाकले. "वाळवी? तुमच्याकडे अजून आहे वाळवी?" पुढचे उत्तर चौदा सेकंदांनी आले. सरांना काही खटकले नाही, म्हातारी बाई विचार करून बोलते एवढेच त्यांना वाटले असावे. "उलटं झालं म्हणजे काय झालं?" पाच सेकंदांनी उत्तर.

सातव्या प्रश्नाला गाडी रुळावरून उतरली. भिजलेल्या ग्रंथाला बुरशी आली का, असे सर विचारतील या हिशेबाने बाईंनी उत्तर पाठवले होते. पण वाळवी, कडुलिंब आणि जुने कपाट यांनी सर हळवे होऊन बसले होते. त्यांनी चष्मा काढला आणि भलतेच विचारले. "बाई, हे परीक्षेतलं नाही. तिकडे आता आंब्याला मोहोर आला असेल?"

आठ सेकंद गेले. "येणारच की," बाईंचा आवाज आला. "पण चार दिवस कडक ऊन लागलं, सगळं झडून गेलं."

"अरेरे," सर म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. फिरोजनी टेबलाखाली हात जोडले होते. सरांनी सावरून आठवा प्रश्न विचारला, आणि नशिबाने तो बुरशीचाच निघाला. आठवे उत्तर ओले ग्रंथ वाळवण्यावर होते, तेही चालून गेले. दहापैकी नऊ. एक गुण का गेला, याची नोंद अशी होती: 'उत्तरे फार नेमकी, जणू पाठ केलेली.'

तिघांनी पेढे खाल्ले. मुदत संपायला दहा दिवस होते. प्रमाणपत्र चौथ्या दिवशी आले, आणि त्यासाठी आणलेला दुसरा पेढा हेमांगींच्या हातातच राहिला. प्रमाणपत्रावर लिहिले होते: 'श्रीमती शेवंता रामभाऊ गवारे, रहिवासी, वसाहत क्रमांक दोन, मंगळ.'

असे होणे भागच होते, फक्त कुणाच्या लक्षात आले नव्हते. कसोटीचे काम माणूस कुठे आहे हे ठरवण्याचे. शेवंताबाईंनी प्रवेश घेतला, अठरा वेळा हजेरी दिली, दहा उत्तरे दिली, आणि प्रत्येक वेळी त्या मंगळाजवळ असल्याचे सिद्ध झाले. एकोणतीस पुरावे. यंत्राने त्यांना रहिवासी यादीत चौऱ्याऐंशीव्या क्रमांकावर घातले होते.

हेमांगींनी तातडीने दुरुस्ती मागितली. वसाहतीच्या नोंदणी कार्यालयाचे उत्तर असे आले: 'माणूस खोटे बोलू शकतो, कागद खोटा असू शकतो, प्रकाशाचा वेग खोटा असू शकत नाही. श्रीमती गवारे येथेच आहेत. त्या तीन दिवस संध्याकाळच्या हजेरीला आलेल्या नाहीत. शोध चालू आहे.'

सोबत प्रा. लोणकरांचे खासगी पत्र होते. बाई पृथ्वीवरून बोलतात असेच आपण समजत होतो, पण यंत्रापुढे आपले काय चालणार, असे त्यांनी लिहिले होते. बाई हरवल्यापासून सगळी वसाहत बोगद्याबोगद्यांतून हाका मारत फिरते आहे, त्यांचा जेवणाचा वाटा रोज काढून ठेवला जातो, आणि बाई कुठे अडकून बसल्या असतील तर हे पत्र त्यांना मिळो, असे त्यात होते. शेवंताबाईंना ते वाचवेना. आपल्यापायी माणसे अंधारात ठेचकाळतात, हे काही बरे नाही, असे म्हणून त्या रोज संध्याकाळच्या हजेरीच्या बारा मिनिटे आधी 'हजर' पाठवू लागल्या. शोध थांबला. बाई आहेत पण लाजाळू आहेत, असे वसाहतीचे मत पडले.

इकडे जिल्ह्याचे ग्रंथालय निरीक्षक उद्धवराव काटकर वाचनालयात आले. ते वाईट माणूस नव्हते. नियम पाळला की झोप चांगली लागते, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी पाहिले.

"बाई, ग्रंथपाल कार्यक्षेत्रात राहणारा पाहिजे. तुम्ही मंगळावर राहून साळगव्हाणचं वाचनालय कसं उघडणार?"

"साहेब, मी तुमच्यापुढं उभी हाय."

"ते मला दिसतंय. पण मला दिसणं हा काही पुरावा नाही. तुमच्याकडे एकोणतीस पुरावे आहेत, ते सगळे तिकडचे." त्यांनी टोपी घातली. "एकतीस तारखेला संध्याकाळी कुलूप घेऊन येतो. पृथ्वीवर असल्याचा यंत्राचा दाखला दाखवा, मी आनंदाने परत जाईन."

काटकर गेल्यावर शेवंताबाई आपल्या टेबलाशी बसल्या. समोर अकरा हजार पुस्तके होती. ती कोठारात गेली की बैलगाडीचा फोटो कोण ओळखणार, हे त्यांच्या मनात येत होते. त्यांनी पुन्हा ती चौऱ्याऐंशी पाने काढली आणि शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग फोन लावला.

"मॅडम, आपला करार दोन्ही बाजूंनी हाय ना? मंगळाचा विद्यार्थी आपल्या विद्यापीठात प्रवेश घेऊ शकतो?"

"घेऊ शकतो. अजून कुणी घेतला नाही."

"मग मी मंगळाची हाय. मला घ्या. 'ग्रंथालयशास्त्र परिचय' द्या, ते मी पहिल्याच झटक्यात सोडवलंय. तुमच्याकडं बी तीच कसोटी हाय. जिनं मला तिकडं न्हेलं तीच मला परत आणंल की."

 पलीकडे फोन फिरोजनी घेतला.  "मावशी, होईल. पण एक काळजी घ्या. संध्याकाळची हजेरी पाच वाजता तिथे लागते. त्यानंतर बारा मिनिटं तरी जाऊ द्या आणि मगच इथे उत्तर द्या. आधी दिलंत तर तुम्ही प्रकाशापेक्षा वेगाने पृथ्वीवर आलात असं नोंदलं जाईल. मग काटकर नाही, भौतिकशास्त्राचे लोक येतील."

"आन बारा मिनिटांनंतर?"

"मग काही हरकत नाही. यानाला सात महिने लागतात हे त्या यंत्राला माहीत नाही. त्याला फक्त प्रकाश कळतो."

हेमांगींनी त्यांना विद्यापीठात यायला सांगितले. शेवंताबाई नाही म्हणाल्या. हे त्या वाचनालयातल्या आपल्या टेबलावरूनच करणार होत्या, आणि तेही तीस तारखेला. का, ते त्यांनी सांगितले नाही. मधले दोन दिवस त्या फोनवर भेटल्या नाहीत. बाजारात गेल्या आहेत, असे कळले.

तीस तारखेला पाचच्या हजेरीसाठी त्यांनी वाचनालयाच्या संगणकावरून, फिरोजच्या तबकडीमार्फत, वेळेवर 'हजर' पाठवले. मग चहा केला, सावकाश प्यायला, कप विसळून ठेवला. पाच वाजून वीस मिनिटांनी सीना विद्यापीठाचा देकार आला. त्यांनी एका बोटाने क्रमांक टंकला, 'मान्य' टंकले. एकोणीस सेकंद लागले. खाली एक रकाना होता, 'पृथ्वीवरील वास्तव्याची जागा', त्यात त्यांनी 'जनसेवा वाचनालय, साळगव्हाण' असे लिहिले. यंत्राने दाखला दिला: 'रहिवासी क्र. ८४, मंगळावरून पृथ्वीवर आगमन. सान्निध्य सिद्ध.' तिकडच्या यादीतून नाव आपोआप निघाले. हेमांगींनी फोनवर आनंदाने काहीतरी म्हटले आणि त्या रडल्यासारख्या वाटल्या.

एकतीस तारखेला संध्याकाळी काटकर कुलूप घेऊन आले, तेव्हा वाचनालयाच्या दाराला आधीच पिवळी पट्टी लावलेली होती. पायरीवर आरोग्य खात्याचा एक माणूस मुखपट्टी लावून उभा होता. त्याने काटकरांना हात करून थांबवले आणि कागद वाचून दाखवला. सहयोग करार, परिशिष्ट सात: परग्रहावरून परतलेल्या रहिवाशास चाळीस दिवस विलगीकरणात ठेवावे. त्याने नोंदवलेल्या जागेतून त्यास व तेथील कोणत्याही वस्तूस बाहेर काढू नये, तसेच कोणासही आत सोडू नये.

काटकरांनी नियम दोनदा वाचला. तो बरोबर होता. त्यांनी कुलूप पिशवीत घातले. दाखला त्यांना खिडकीच्या काचेतून दाखवण्यात आला, तो त्यांनी उतरवून घेतला आणि ग्रंथपाल कार्यक्षेत्रात हजर असल्याची नोंद केली. इतकी हजर ग्रंथपाल त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

तेवढ्यात हेमांगी धापा टाकत आल्या. आदेशाची प्रत त्यांना दुपारी मिळाली होती. खिडकीशी जाऊन त्या म्हणाल्या, "शेवंताबाई, माफ करा. परिशिष्ट मी वाचलंच नव्हतं. चाळीस दिवस तुम्ही आत अडकणार. मी वर लिहिते, काहीतरी मार्ग काढते."

"काढू नका," शेवंताबाई काचेपलीकडून म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला होता, कानावर पेन्सिल होती आणि हातात दाखल नोंदवही. "अकरा वर्षं ग्रंथपडताळणी राहिलीय, मॅडम. एकेक पुस्तक काढून वहीशी ताडायचं तर चाळीस दिवस दार बंद पायजे. पण बंद कसं ठेवणार? रोज कोणी ना कोणी दारात येतंय."

हेमांगींनी काचेला नाक लावून आत पाहिले. कपाटांच्या रांगेशेजारी, संदर्भग्रंथांच्या खाली, भिंतीला लागून ज्वारीच्या पिठाचे दोन डबे होते. डाळ होती, गूळ होता, तेलाचा डबा होता, कांद्यांची जाळी होती आणि नवा कोरा स्टोव्ह होता. सगळ्यावर ओळीने चिठ्ठ्या लावलेल्या होत्या.

"हे तुम्ही कधी आणलंत?"

"अठ्ठावीस तारखेला," शेवंताबाई म्हणाल्या, आणि पहिल्या कपाटाकडे वळल्या.